कडेवरची गाडी

बारशाला मामानं पाळणा द्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मोठी सोयीची पद्धत. लाकडी की लोखंडी, एवढं ठरलं की मामा सुटला. पुढे तो टांगायला घरात कड्या आहेत का, हे बाळाच्या वडिलांनी बघायचं. माझी पाळी आली तेव्हा मात्र ताईनं आधीच बजावलं, "पाळणा आणू नकोस हं, खालच्या काकूंचा मिळालाय. तू स्ट्रोलर दे. हलका बघ, आणि मिटल्यावर एवढुसा होणारा."

हलकं आणि एवढुसं म्हटलं की इतर कुठल्याही बाजारात किंमत खाली येते. इथे ती वर जाते. दणकट, जाडजूड, आडव्या बांध्याची बाबागाडी चार-पाच हजारांत येते. त्यातून एकेक किलो कमी करत जा, दुकानदार कमी झालेल्या प्रत्येक किलोचे पैसे लावत जातो. जे मिळालं नाही त्याचं बिल भरायचं, असा दुसरा व्यवहार मला फक्त आहारतज्ज्ञांकडचा माहीत आहे.

बारशाला नुसतं वचन देऊन भागलं, कारण बारा दिवसांच्या बाळाला या गाडीचा काही उपयोग नसतो. घडी होऊन छोट्या होणाऱ्या बहुतेक गाड्यांची पाठ पूर्ण आडवी होत नाही, आणि ज्यानं अजून मान धरलेली नाही त्याला अर्धवट बसतं करणं बरं नव्हे. तेव्हा बाळ, म्हणजे ओवी, बसायला लागेपर्यंत मला सवड मिळाली. या सवडीत घरातल्या प्रत्येकानं आपापला अभ्यास केला आणि प्रत्येकाचा स्ट्रोलर वेगळा निघाला.

भाऊजींना हवा होता विमानात वरच्या कप्प्यात बसणारा. ताई-भाऊजींचा आजवरचा विमानप्रवास लग्नानंतरच्या केरळ सहलीपुरता. पण मध्यमवर्गीय माणूस खरेदी नेहमी पुढच्या आयुष्याची करतो. आत्ताच्या आयुष्याला जुनं चालतं. त्यांनी मोबाइलवर 'योयो' नावाची फ्रेंच गाडी दाखवली. ही २०१२ साली बाजारात आली आणि हातातल्या बॅगेएवढी घडी होणाऱ्या गाड्यांची लाट तिच्यापासून उसळली. मिटल्यावर ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर. भाऊजींनी ते आकडे अशा आवाजात वाचले की ताईच्या सासूबाईंना फ्लॅटचं मोजमाप वाटलं. मग मी इंडिगोच्या हातातल्या बॅगेची मर्यादा वाचली: ५५ बाय ३५ बाय २५, वजन सात किलो. चव्वेचाळीस सेंटिमीटर पस्तिसात कसे घालायचे, यावर जेवणं होईपर्यंत चर्चा चालली. भाऊजींनी खिशातून पेन काढून कागदी रुमालावर आकृती काढली, रुमाल फिरवून बघितला. शेवटी ताई म्हणाली, "अहो, बाळाची गाडी कंपनीवाले बहुतेक फुकटच नेतात. विमानाच्या दारापर्यंत ढकलत न्यायची आणि त्यांच्या हवाली करायची. डोक्यावरच्या कप्प्याला सोडा आता." भाऊजींनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. तो मात्र कुठल्याही विमानात चालला असता.

ताईची अडचण जमिनीवरची होती. तिचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग चार मजल्यांची आणि लिफ्ट नसलेली. अशा बिल्डिंगा डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत. खाली सीएनजीची गाडी उभी असते, तिच्या डिकीत सिलिंडर पाय पसरून झोपलेला. उरलेल्या जागेत एक छत्री आणि भाऊजींचा आशावाद मावतो.

आता हिशेब बघा. बाळाचं वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. तीन किलोची ओवी वर्षाची होईतो नऊची होणार. हलका म्हणवणारा स्ट्रोलर सहा किलोचा. दुपटी, लंगोट, गरम पाण्याचा थर्मास, नाचणीसत्त्वाचा डबा आणि खुळखुळा असलेली पिशवी तीन किलोची. 'जरा खाली फिरवून आणते' या वाक्याचं वजन झालं अठरा किलो, आणि ते घेऊन तीन जिने. ओवी तर जिन्यावर स्ट्रोलरमध्ये बसू शकत नाही, ती कडेवर. म्हणजे एका हातात बाळ, दुसऱ्या हातात गाडी, खांद्याला पिशवी आणि चाव्या दातात. आपल्याकडे बाबागाडी ढकलायची वेळ कमी येते, उचलायची जास्त. दुकानात गाडी जोखायची ती या हिशेबानं, आणि दुकानदार नेमका तोच हिशेब लपवतो.

कसा, ते सांगतो. स्ट्रोलरच्या दुकानाची फरशी जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही. तिथे विक्रेता गाडीला फक्त करंगळी लावतो आणि ती चार रांगा ओलांडून जाते. "बघा सर, किती स्मूद!" त्या फरशीवर गोदरेजचं कपाटही तितक्याच स्मूदपणे गेलं असतं. ग्राहकाला चाचणीसाठी दुकानात पाच-सहा फूट उखडलेले पेव्हर ब्लॉक, एक गटाराचं जाळीदार झाकण आणि आडवी लावलेली एक स्कूटर एवढं तरी ठेवायला हवं. कपडे घालून बघायला खोली असतेच ना?

मग येतं एका हातानं मिटणं. विक्रेत्यानं मुठीजवळचं बटण दाबलं, मनगट फिरवलं, खट्ट, आणि गाडीची बॅग झाली. जादूच्या प्रयोगाला येतात तशा आजूबाजूच्या बायका पुढे सरकल्या. ताईनं सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "तुमचा दुसरा हात कुठे होता?"

"मोकळाच होता मॅडम. हेच तर फीचर आहे."

"बाळ असेल ना त्यात," असं म्हणून ताईनं ओवीला त्याच्या कडेवर दिलं. "आता करा."

मुलगा भला होता, पण वय बावीस-तेवीस, कडेवर आजवर हेल्मेटच घेतलेलं. त्यानं ओवीला पोटाशी धरलं आणि बटणाकडे हात नेला. ओवीनं त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र धरलं. तो वाकला तशी ती पट्टी ताणली गेली आणि तो अर्ध्यातच थबकला. पहिल्या गाडीचं बटण मुठीच्या आत होतं, तिथे अंगठा पोचेना. दुसरी अर्धी मिटली आणि हटून बसली. तिला पायानं एक लाथ लागते, हे आत्तापर्यंत कुणी बोललं नव्हतं. ओवी एव्हाना ओळखपत्रावरचा फोटो चाटून पुसट करत होती. तिसरी मात्र मिटली, मिटल्यावर स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, आणि तिच्या अंगाला खांद्यावर अडकवायचा पट्टा होता. मुलानं ओवीला परत देताना असा सुस्कारा सोडला की आता हा निदान दोन वर्षं तरी लग्नाचं नाव काढणार नाही.

या मिटण्याच्या कलेचा इतिहासही मधल्या काळात वाचून झाला होता. मामाला दुसरा उद्योग काय! इंग्लंडात १७३३ साली विल्यम केंट नावाच्या वास्तुकारानं डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती ढकलायचा प्रश्नच नव्हता, पुढे बकरी जुंपायची. ड्यूकला जिने उतरून गाडी खाली न्यायची नसल्यामुळे वजनाचा विचार पुढची दोनशे-सव्वादोनशे वर्षं कुणी फारसा केला नाही. तो केला ओवेन मॅक्लारेन या निवृत्त विमान अभियंत्यानं. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाकं पोटात मिटून घेणाऱ्या सांगाड्यावर त्यानं काम केलेलं. पुढे लेक नातवंडाला घेऊन आली तेव्हा विमानातून जड बाबागाडी वागवताना तिची झालेली तारांबळ त्यानं पाहिली, असं सांगतात. १९६५ साली आजोबांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्री मिटते तशी मिटणारी गाडी केली. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत.

पावणेतीन! साठ वर्षांनी मला दुकानात सहा किलोची गाडी 'अल्ट्रा लाइट' म्हणून दाखवत होते. मधले तीन-सव्वातीन किलो कुठून आले? काहींची कारणं रास्त आहेत. आजोबांच्या पहिल्या गाडीत ऊन अडवणारं छत नव्हतं, मागे कलणारी पाठ नव्हती. पाच ठिकाणी आवळणारा पट्टाही हवाच, दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून; नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून वर्षाचं मूल साबण लावल्यासारखं निसटतं. पण कप ठेवायची वाटी कशाला? डोंबिवलीत चहा टपरीवर उभं राहून, ग्लासात, आणि दोन घोटांत संपवायचा असतो. चहा हातात धरून चालणारा माणूस इथे दिसला तर लोक त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवतील. शिवाय मोबाइल अडकवायची क्लिप, खेळण्यांची दांडी, पावसाचं प्लास्टिक. सगळं 'फ्री', आणि सगळं तिसऱ्या मजल्यावर.

ब्रेककडे कुणी बघत नाही, ते अवश्य बघावं, आणि दुकानात बूट घालून जाऊ नये. काही गाड्यांचा ब्रेक पायानं दाबून लागतो आणि पायाच्या चवड्यानं वर उचलून सुटतो. बूट घालणाऱ्या देशांत ठीक आहे. आपण चपलेत, दर वेळी अंगठ्याचं नख त्या पट्टीखाली घालून वर ओढायचं. भाऊजींनी सँडलमध्ये प्रयोग केला आणि नंतर बराच वेळ ते दुकानातल्या मुलांसाठीच्या खुर्चीत बसून होते. दाबलं की लागतो आणि पुन्हा दाबलं की सुटतो, असा ब्रेक शोधून काढायला त्यांच्या अंगठ्याचा मोठा हातभार लागला.

चाकांचं मात्र दुखणं खरं आहे, त्यावर उपाय नाही. गाडी छोटी मिटायची तर चाकंही छोटी लागतात. वितीएवढं चाक वितीच्या निम्म्या खड्ड्याला अडतं. ती भरीव फोमची असतात, पंक्चर होत नाहीत, हा त्यांचा एकच गुण. आणि डोंबिवलीचा रस्ता गुण बघून माणसं पारखणारा नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाविषयी सुंदर मजकूर आहे. चालायला किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी पट्टी हवी आणि पदपथाची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. एक मीटर आठशे मिलिमीटर! एवढ्यात दोन बाबागाड्या समोरासमोर येऊन एकमेकींची चौकशी करून पुढे जातील. आम्ही ओवीला घेऊन फडके रोडकडे निघालो तेव्हा या १.८ मीटरचं वाटप पुढीलप्रमाणे झालेलं होतं: गजरेवाली, तिची टोपली, टोपलीवरची छत्री, इलेक्ट्रिकचा डबा, दोन मोटारसायकली आणि एका उमेदवाराचा वाढदिवस. जिथे पदपथ खरोखर मोकळा होता तिथे सुरुवातीलाच लोखंडी खांब रोवलेले. दुचाकी वर चढू नये म्हणून. दुचाकीवाल्यांनी ते खांब डावीकडून, उजवीकडून, एकानं तर मधून, आरशासकट पार केले. स्ट्रोलर तेवढा अडकला.

अशा वेळी पुण्याची आठवण येते. तिथे जंगली महाराज रस्त्याचा पदपथ असा रुंद केलाय की ताईच्या मैत्रिणी तिथले फोटो पाठवून छळतात. लक्ष्मी रोड तर ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून वाहनांना बंद ठेवतात. वर्षातून एक दिवस बाबागाडी चालवायला डोंबिवलीहून पुण्याला जायचं, आणि डेक्कन क्वीन डोंबिवलीला थांबत नाही.

पण वापरून वापरून ताईनं तंत्र बसवलं. कड आली की गाडी वळवायची आणि आपण आधी उलटं वर चढून मागची चाकं ओढून घ्यायची; सरळ पुढे धक्का मारला की छोटी चाकं अडतात आणि बाळ नमस्कार घालतं. खडबडीत ठिकाणी पुढची फिरती चाकं खटका लावून सरळ करायची. आणि मुठीला काही म्हणजे काही लटकवायचं नाही. हा नियम बटाट्यांमुळे आला. भाऊजींनी मंडईतून येताना दोन किलो बटाटे, किलोभर कांदे आणि एक नारळ मुठीला अडकवला होता. गाडी छान चालत होती, कारण पुढे ओवी नावाचं वजन होतं. चौकात कुणीतरी "बघू बघू" म्हणत ओवीला उचललं आणि सहा किलोची गाडी सरळ मागे आडवी झाली. बटाटे पश्चिमेकडे गेले, नारळ रिक्षा स्टँडवर अडवला गेला. हलक्या गाडीचा तोल मुलामुळे असतो. सामान ठेवायचं तर सीटखालच्या जाळीत, जमिनीलगत.

"बघू बघू" हाही एक विषयच आहे. मूल कडेवर असलं की लोक मुलाशी बोलतात, स्ट्रोलरमध्ये असलं की आईबापांशी, आणि तेही उपदेशाच्या सुरात. चालायला उशिरा शिकेल. पाय वाकतील. पाठीला बाक येईल. यातलं काही स्ट्रोलरनं होत असतं तर निम्मा युरोप रांगत कामाला गेला असता. एका आजींनी नजर लागू नये म्हणून स्वतःच्या पिशवीतला पंचा काढून स्ट्रोलरवर घालायला घेतला. ताईनं तो गोड बोलून परत केला. उन्हात अशी झाकलेली गाडी आतून तापते, वारा खेळत नाही आणि आपल्याला मूल दिसत नाही. छत पुढे ओढावं, चादर घालू नये. आजी म्हणाल्या, "मग काजळाची तीट तरी लावा." तीट पांढऱ्या शुभ्र छताला लागली ती अजून आहे.

लोकलमध्ये मात्र गाडीनं पैसे वसूल केले. गर्दीची वेळ टाळून, मिटवून, पट्ट्यानं खांद्याला लावून ताई लेडीज डब्यात चढते. गाडी फळीवर जाते. ओवी जाते मांडीवर, कुणाच्या ते ताईला सांगता येत नाही. डोंबिवलीला खिडकीजवळच्या मावशींकडे दिलेली मुलगी ठाण्याला समोरच्या बाकावर असते, मुलुंडला तिच्या हातात कुणाची तरी चकली असते. विमानात बसेल म्हणून घेतलेली वस्तू लोकलच्या फळीवर अचूक बसली, हे भाऊजी हल्ली येईल त्याला सांगतात. आपणच सुचवली होती म्हणतात.

बाकी वेळी दृश्य ठरलेलं असतं. ओवी गेटपर्यंत गाडीत बसते. गेटबाहेर कुत्रा दिसला की तिला कडेवर हवं असतं. मग ताईच्या डाव्या कडेवर ओवी, उजव्या हातात पिशवी, आणि भाऊजी मागून रिकामा स्ट्रोलर ढकलत, चेहऱ्यावर मात्र सगळं ठरवल्याप्रमाणे चालल्याचा भाव. रिकामी बाबागाडी ढकलणाऱ्या पुरुषाकडे लोक फार करुणेनं बघतात. दीड वर्षाची झाल्यावर ओवी आणखी पुढे गेली: आता तिला गाडीत बसायचं नसतं, गाडी स्वतः ढकलायची असते. पूर्वी यासाठी पांगुळगाडा मिळायचा, तीन लाकडी चाकांचा, दोन-तीनशे रुपयांत. आम्ही त्याचा ॲल्युमिनियमचा, पाचपदरी पट्ट्याचा आणि विमानाच्या कप्प्याच्या मापाचा अवतार घेतला.

घरात या गाडीला खरा विरोध होता तो ताईच्या सासूबाईंचा. "आम्ही तीन पोरं कडेवर वाढवली, आम्हाला नाही लागली चाकं," हे त्या रोज एकदा म्हणत. कडेचा मुद्दा तसा बिनतोड आहे: वजन शून्य, घडी घालावी लागत नाही, जिना चढते, रिक्षात मावते, आणि वरून गाणंही म्हणते. फक्त चाळिशीनंतर तिचे सुटे भाग मिळत नाहीत. सासूबाईंच्या मणक्याचं दुखणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी मुद्दा म्हणून मांडत नव्हतं.

मागच्या रविवारी मी गेलो तर ओवी बाल्कनीत खेळत होती आणि स्ट्रोलर जागेवर नव्हता. ताईला विचारलं तर तिनं हसून खाली बोट दाखवलं. सासूबाई फाटकातून बाहेर पडत होत्या. स्ट्रोलरमध्ये दळणाचा स्टीलचा डबा सरळ बसवलेला, पाचही पट्टे लावलेले, छत पुढे ओढलेलं. त्यांनी पदपथाच्या कडेपाशी गाडी वळवली, आधी स्वतः उलट्या वर चढल्या आणि मागची चाकं अलगद ओढून घेतली. मी मागोमाग गिरणीपर्यंत गेलो. गिरणीवाला पीठ झटकत पुढे आला, छताखाली वाकून बघत म्हणाला, "अरे वा काकू, किती महिन्यांचं?"

"लोकवन आहे," सासूबाई म्हणाल्या. "बारीक दळा हं. मागच्या वेळी भरडच आलं होतं."